बिनमुंग्यांचं अंगण

मुंग्यांना पीठ घातल्याशिवाय अनुसयाबाईच्या तोंडात घास जात नसे. लग्न होऊन ती मेंढपाळाच्या घरात आली, तेव्हाच सासूनं ही रीत लावून दिली होती. भाकरीचं पीठ परातीत घेतलं की पहिली चिमूट मुंग्यांची. सासू म्हणायची, "आपल्या मेंढरांच्या खुराखाली रोज किती जीव जात्यात, त्याची गिनती आपल्यापाशी न्हाई, देवापाशी हाय. चिमूटभर पिठानं ते फिटत न्हाई. पण देवापुढं उभं ऱ्हायला तोंड ऱ्हातं."

पुढं सासू गेली, नवरा गेला आणि मेंढरंही गेली. मेंढरं मेली नाहीत. तिच्या लेकानं, प्रभूनं, ती विकून वसमतला प्लॉट घेतला. हिंगोली जिल्हा नवा झाला त्याच्या आगेमागे गावाच्या कडेनं जिकडंतिकडं चुन्याच्या रेघा पडत होत्या. प्रभू हळदीच्या बाजारात हमाली करायचा. बाजाराच्या मागच्या अंगाला एका पडक्या गुदामाचं रान होतं, तिथं हरिनगर नावाची वस्ती उठली. त्या वस्तीत त्यानं विटांच्या दोन खोल्या बांधल्या. वर पत्रे, पुढं ओटा, मागं शेळी बांधायपुरतं अंगण. शिरड शहापूरच्या मातीच्या घराला कुलूप लावून अनुसयाबाई लेकाकडं आली, ती एक शेळी आणि चुलीचे तीन दगड घेऊन.

दगड पाहून प्रभू हसला. "आई, वसमतात दगडाला तोटा हाय का?"

"हे तुह्या बापासंगं मुलूख फिरलेत," ती म्हणाली. "रानातून मेंढरं हलवायची असली की पयला चुलीचा दगड उचलायचा. तो उचलला की मंग कोणी काहून म्हणून इचारत न्हाई. कुत्रं सुदीक उठून उभं ऱ्हातं."

मागच्या अंगणात त्याच दगडांवर अंघोळीच्या पाण्याची चूल मांडली गेली. अंगणातलीच माती कालवून अनुसयाबाईनं ती लिंपली. माती पांढुरकी, हाताला मऊ, नाकाला थोडी कुबट. प्रत्येक जागेला आपला वास असतो म्हणून तिनं नाक मुरडलं नाही.

सकाळी ओट्याखाली पिठाची चिमूट टाकली. दिवस मावळला तरी पीठ होतं तिथंच होतं.

तिनं जागा बदलून पाहिली. साखर टाकून पाहिली. गुळाचा खडा ठेवला, तो उन्हानं पाझरून मातीला चिकटला, पण एक मुंगी फिरकली नाही. अनुसयाबाईला मनातून लागलं. पाव्हणा दारावरून जेवल्याशिवाय गेला, तर बाईमाणसाला लागतं ना, तसं.

शेजारच्या सत्यशीलेनं कुंपणावरून मान वर केली. "मावशी, कोणाची वाट पाहून राहिल्या? आपल्या नगरात मुंगी न्हाईच. इच्चू न्हाई, वाळवी न्हाई. प्लॉट दावणारा माणूस छातीवर हात ठेवून सांगत व्हता, शुद्ध जागा हाय म्हणून. खेड्यावर चौकटीला डांबर फासत होतो आमी. इथं फासलंच न्हाई, तरी चौकट कशी, काल बसवल्यावानी!"

माणसाला चांगलं ऐकायची सवय लवकर लागते. अनुसयाबाई बाजाराच्या रस्त्यावरच्या मारुतीपाशी जाऊन तिथल्या पिंपळाच्या बुडाशी पीठ घालू लागली आणि घरी कोणी पाव्हणं आलं की तीही सांगू लागली, "आमच्या जागंत मुंगी सुदीक न्हाई. देवानं झाडून दिल्यावानी जागा हाय."

तिला हरिनगर आवडायला आणखी एक कारण होतं. कीर्तनावर तिचा जन्माचा जीव. पण मेंढरांमागं फिरणाऱ्या बाईला पूर्ण कीर्तन कुठलं? कोणाच्या शेतात मेंढरं बसवलेली असायची, गावातून टाळमृदंगाचा आवाज यायचा, ती मांडवाच्या कडेला टेकायची, आणि महाराज ऐन रंगात आले की कोकरू ओरडायचं. एका गावात भक्त संकटात पडायचा आणि देव धावून यायचा तो पुढल्या गावात, दुसऱ्याच महाराजांच्या तोंडून. सारा जन्म तिनं अर्धी अर्धी कीर्तनं जोडून ऐकली होती. हरिनगरात पत्र्याच्या शेडमध्ये का होईना, विठोबाचं मंदिर होतं. रामनवमीला सप्ताह बसायचा. तिला पहिल्या नमनापासून आरतीपर्यंत मांडी मोडायची गरज नव्हती.

आणि सून राधिका? तिचं तर त्या घरावर वेड्यासारखं प्रेम. राधिका अनुसयाबाईच्या भावाचीच लेक. भाऊ अजून मेंढरं घेऊन रानोमाळ फिरत होता. राधिकेचं लहानपण पालात गेलं, आणि तिची आई अशाच एका पालात बाळंतपणात गेली. चिखलातून गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. या घराच्या दाराला कडी बसली त्या दिवशी राधिकेनं ती कितीदा तरी लावली आणि काढली.

"आत्या, आता मला कोणी ऊठ म्हणायचं न्हाई," ती म्हणाली होती. "माहं लेकरू या कडीच्या आत जन्मल. दवाखाना हाकंच्या अंतरावर. माह्या मायवानी मी मरणार न्हाई."

पण पहिलं पोट पाचव्या महिन्यात रिकामं झालं. दवाखान्यातल्या बाईंनी अशक्तपणा सांगितला, गोळ्या दिल्या. शेजारच्या बायकांनी नजर सांगितली. त्याच हंगामात शेळीही गाभडली, अर्धी वाढलेली दोन पिल्लं टाकून रात्रभर त्यांना चाटत बसली. सत्यशीलेची लेक कोमल खेड्यावर जन्मलेली. हरिनगरात आल्यावर सत्यशीलेचीही दोन पोटं गेली होती, आणि कोमलच्या हातापायाला सारखी खाज. पण ज्याचं दुःख त्याच्या उंबऱ्याच्या आत. एकीचं दुसरीशी कोणी जोडून पाहिलं नाही.

आता राधिकेला पुन्हा दिवस गेले होते, सहावा सरत आला होता. अनुसयाबाई देवापाशी दुसरं काही मागत नव्हती. या खेपेला मातीचे डोहाळे लागले होते. पाणी तापवताना राधिका चुलीच्या कडेची भाजलेली खपली हळूच मोडून तोंडात टाकायची. अनुसयाबाईनं पाहिलं आणि रागावली नाही. उलट स्वतःच चांगला खरपूस तुकडा मोडून दिला.

"खा माय. तुह्या बापाच्या वेळंला तुह्या आजीनं अर्धी भिंत खाल्ली व्हती. म्हणून त तो असा भिताडावानी झाला."

राधिका हसली. तेव्हापासून तिच्या पदराच्या गाठीत मातीचा खडा असायचाच.

होळी झाली आणि शेळी दुसऱ्यांदा गाभडली.

मेंढपाळाच्या घरात एक नियम होता. एका जागी मेंढ्या गाभडू लागल्या तर कारण शोधत बसायचं नाही. आधी मेंढरं हलवायची, मग विचार करायचा. पण इथं हलवणार काय? विटांच्या घराला खूर नसतात. तिनं शेळी सत्यशीलेच्या भावाबरोबर खेड्यावर धाडून दिली आणि नामस्मरण वाढवलं.

सप्ताह बसला. पाचव्या दिवशी सोमेश्वर महाराजांचं कीर्तन दिवेलागणीला उभं राहिलं. आवाज असा, की पहिल्याच नामघोषाला पत्रे थरथरले. महाराजांच्या शेजारी गळ्यात वीणा घेऊन मुंजाजी उभा. वस्तीच्या टोकाला राहणारा हा म्हातारा दर सप्ताहाचा वीणेकरी. अंगावर धुवट धोतर, तोंडात सदा नाम, भांडण म्हणून नाही. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मुंजाजी इतरांचेही पहारे आपल्यावर घ्यायचा.

महाराजांनी अन्नदानाचं निरूपण धरलं आणि दृष्टान्त दिला.

"एक बाई होती, माउली. पाव्हण्याला वाढल्याशिवाय जेवायची न्हाई. एक दिवस पाव्हणाच आला न्हाई. ऊन डोक्यावर आलं, उतरलं. भाकरी वाळली. बाई ताट वाढून दाराकडं डोळे लावून बसलेली. तेवढ्यात ताटापाशी कोण आलं? एवढीशी मुंगी! दुसरी असती तर फुंकर मारली असती. ही काय म्हणाली? 'या, बसा! किती उशीर केला!' मुंगीनं एक कण उचलला आणि चालू लागली. अन् तिकडं राउळात पुजाऱ्याला दिसलं काय? देवाच्या ओठाला भाकरीचं पीठ!"

"विठ्ठल! विठ्ठल!" टाळ कडाडले. अनुसयाबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या. हा दृष्टान्त जणू तिच्या परातीतून उचलला होता.

महाराजांनी उपरणं सावरलं, आवाज खाली आणला. "आणि आपण? मुंगी दिसली की काय करतो? पावडर! अहो, देव जेवायला येऊन राहिला, आणि तुम्ही त्याच्या तोंडावर पावडर टाकता? ज्या घरात मुंगी यायला भिते, त्या घरात देवानं कोण्या वाटेनं यावं?"

मांडव हसला. सत्यशीला अनुसयाबाईच्या कानाशी लागली, "मावशी, मंग आपल्या नगरात देव येतच न्हाई म्हणा की!" आणि तीही हसली.

अनुसयाबाईला हसू आलं नाही. कारण 'पावडर' म्हणताच मुंजाजीचं वीणेवरचं बोट थांबलं होतं. टाळकऱ्यांनी माना वळवून पाहिलं. तार पुन्हा वाजू लागली, पण मुंजाजीची नजर महाराजांवर नव्हती. तो मांडवाच्या कडेतून प्रभूच्या घराकडं, मागच्या अंगणाकडं पाहत होता.

सकाळी ती मंदिरात गेली. मुंजाजी एकटाच पहाऱ्याला उभा होता.

"भाऊजी, काल महाराज पावडर म्हणले अन् तुमची वीणा थांबली."

"बोट आखडलं व्हतं."

"बोट आखडलं असतं त बोटाकडं बघितलं असतं. तुमी माह्या अंगणाकडं काहून बघितलं?"

मुंजाजी तार न थांबवताच बोलला. "अनुसयाबाई, मी त्या गुदामाचा राखणदार व्हतो. कपाशीवर धुरळायची पावडर असायची तिथं. किडीचं औषध. एका पावसाळ्यात पत्रे उडाले, पोती भिजली, दगड झाली. मालक म्हणला, पुरून टाक. म्या अन् दोघा गड्यांनी चर खांदले, पोती लोटली, वर मुरूम वढला. मंग मालकबी गेला, गुदामबी पडलं. लोक मोकळं रान म्हणू लागले."

"कुठं पुरली?"

हात वीणेत गुंतलेले होते, म्हणून त्यानं हनुवटीनं दाखवलं. "तुमच्या मागल्या अंगणापासून सत्यशीलाच्या न्हाणीपतुर."

ती खांबाला टेकली. "अन् तुमी आजपतुर बोलला न्हाईत?"

"काय बोलू? माती समदं पचवती, बाई. माणसाचं मढं पचवती, मेलेला साप पचवती. म्हणलं, पावडर काय, दोन पावसाळ्यात माती व्हऊन जाईल. अवं, माहं सोताचं घर मी हितं बांधलं! इख ऱ्हातं म्हणून माहीत असतं त बांधलं असतं का? आता माही बायको शकू म्हणती, तुमचे हात थरथरतेत. मी म्हणतो वय झालं. काल महाराज मुंगीचं सांगून राहिले, अन् मला वाटलं देव माह्याकडंच बोट दावून राहिला."

"मंग समद्यायला सांगा."

"सप्त्यात? वस्ती मोडल, अनुसयाबाई. घरं सोडून जातील कुठं लोक? इकतो म्हणलं त घेईल कोण? माह्यानं न्हाई व्हणार."

तिला मुंजाजीवर रागवायचं होतं. पण त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात वीणा होती आणि डोळ्यांत पाणी. शिवाय तिला एकच गोष्ट दिसत होती, चुलीची ती खरपूस खपली. ती तिनं आपल्या हातानं मोडून दिली होती.

घरी येताच ती म्हणाली, "राधिका, आजपून माती खायची न्हाई. अन् आपुन शिरडच्या घरी जायचं. आजच."

राधिका चकित झाली. "परवा त तुमीच मोडून दिली."

अनुसयाबाईनं सगळं सांगितलं. प्रभू नुकताच पोत्यांखालून आलेला, मानेवर हळदीचा पिवळा थर. त्यानं ऐकून घेतलं आणि तांब्या आदळला.

"तुह्या मुंग्यांसाठी मी घर सोडू? कळप इकून बसलो, आई. बाजारात लोक मला घरवाला म्हणतेत आता. मुंजाजीबुवाचं वय झालं, कायबी बरळतेत. ते त खातेत, पितेत, सात दिवस उभे ऱ्हातेत. त्यायला का झालं न्हाई काही?"

"शेळी दोनदा गाभडली, बाप्पा."

"शेळ्या काय खेड्यावर गाभडत न्हाईत?"

राधिका कडीला धरून उभी होती. ती ओरडली नाही, त्यामुळं तिचं बोलणं जास्त लागलं. "आत्या, तुमाला ठावं हाय माही माय कशी गेली. शिरडात रात्री-बेरात्री कळा आल्या त मला कोण आणल? जिथं दवाखाना तिथं मी. मला आता हलायचं न्हाई. तुमी दगड उचलला तरी न्हाई."

पोरीचं भय खोटं नव्हतं. तिच्या आईची मान अनुसयाबाईच्याच मांडीवर कलली होती. भय दोन्हीकडं होतं. फरक इतकाच, की पालातलं भय राधिकेनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं, अंगणातलं कोणी पाहिलेलं नव्हतं. ते दाखवायचं तर कसं?

ती संध्याकाळच्या कीर्तनाला गेली, पण एक शब्द कानात शिरला नाही. जन्मात पहिल्यांदा असं झालं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी पिंपळापाशी गेली. पीठ टाकलं. वारुळाच्या तोंडातून मुंग्या रांग धरून आल्या. वर्षभर तिचंच पीठ खाणाऱ्या. तिनं पदराखालून पत्र्याचा डबा काढला, त्यात गुळाचा खडा टाकला आणि तो आडवा ठेवून वाट पाहत बसली. मुंग्या विश्वासानं आत शिरल्या. डबा काळा झाला, तेव्हा तिनं मारुतीकडं पाहिलं.

"तूच साक्षी ऱ्हाय," ती म्हणाली. "मी याह्यला जेवायला न्हाई घेऊन चालले."

तिनं झाकण लावलं.

प्रभू त्या दिवशी दुपारीच आला होता, बाजार लवकर उठला होता. तिनं दोघांना मागच्या अंगणात बसवलं. "काही बोलू नगा. नुसतं बघा."

आधी तिनं गुळाच्या खड्याला लागलेल्या थोड्या मुंग्या न्हाणीच्या फरशीवर झटकल्या. त्या फरशीवरून इकडंतिकडं धावल्या, वाट शोधू लागल्या. मग बाकीचा डबा तिनं चुलीपाशी, शेळी बांधायची तिथं पांढुरक्या मातीवर उपडा केला.

"ह्यो काय पोरखेळ लावला, आई," प्रभू म्हणाला. पण तोही वाकून पाहत होता.

मुंग्या पांगल्या. थोडं अंतर त्या नीट चालल्या. मग एक जागच्या जागी फिरू लागली. दुसरी आडवी झाली, उठली, पुन्हा आडवी झाली. काहींनी चुलीच्या लिंपणावर चढायला सुरुवात केली आणि अर्ध्यातून गळून पडल्या. पाय पोटाशी ओढून घेत होत्या, थंडीत लेकरं घेतात तसे. चुलीवर ठेवलेल्या पाण्याला अजून आधणही आलं नव्हतं, तोवर मातीवर काळे ठिपके उरले होते, हलत नसलेले. फरशीवरच्या मुंग्या मात्र भिंतीच्या फटीपर्यंत पोचल्या होत्या.

अनुसयाबाई पदर तोंडाशी धरून पुटपुटत होती. जन्मभर ज्यांच्या नावानं चिमूट टाकली, त्यांना आज तिनं बोलावून आणून मारलं होतं. हे पाप कोणाच्या नावावर चढवायचं ते देवानं ठरवावं, त्याला ते जमतं.

प्रभू उठला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. घामेजलेली हळद त्याच्या पाठीवरून ओघळत होती.

राधिका हलली नाही. मग तिनं सावकाश पदराची गाठ सोडली. आतला मातीचा खडा, एका कडेनं चघळून गुळगुळीत झालेला, तिनं तळहातावर घेतला, पाहिला, आणि मेलेल्या मुंग्यांच्या शेजारी ठेवला. हात पोटावर गेला. तिथंच राहिला.

"लाथ मारून राहिलंय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "अजून मारून राहिलंय, आत्या."

तिनं तापलेलं पाणी उतरवलं, विस्तव विझवला आणि लिंपण फोडून चुलीचा एक दगड स्वतः उचलला. दगड गरम होता. तिनं तो पदरात घेतला.

त्यानंतर कोणी काहून म्हणून विचारलं नाही.

सामान बांधताना प्रभू एवढंच म्हणाला, "शिरडात एक जीपवाला हाय वळखीचा. त्याला सांगून ठेवतो. रोज रात्री गाडी दारात उभी कर म्हणतो. अन् हे घर इकून टाकू. गिऱ्हाईक मिळल कोणीतरी."

"इकायचं न्हाई," राधिका म्हणाली. कडीला तिनं शेवटचा हात लावला. "इथं दुसरी कोणी पोटुशी येऊन कडी लावून बसल."

दुसरा दिवस सप्ताहाच्या काल्याचा होता. वस्ती कीर्तनाच्या गडबडीत, मांडवात लाह्या-दह्याची तयारी. त्यांच्याकडं फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. बसस्थानकावर शिरडवरून जाणारी औंढ्याची गाडी लागलेली होती. प्रभूनं बोचकी चढवली, राधिकेला खिडकीशी बसवलं, घासून धुतलेल्या दगडांची पिशवी तिच्या पायाशी ठेवली.

"आई, चढ ना."

अनुसयाबाई खालीच उभी होती. हातात तो रिकामा डबा.

"तुमी व्हा पुढं. मी मागल्या गाडीनं येते."

"आता काय ऱ्हायलं?"

"मेंढरं हलवताना म्हातारं माणूस मागं ऱ्हातं, इसरला का? कोणतं जनावर मागं बसून ऱ्हायलं ते बघायला." ती खिडकीपाशी आली आणि राधिकेच्या हातावर हात ठेवला. "अर्धा कळप सोडून कुठं हलतेत का, माय?"

राधिकेनं मान हलवली. तिच्या ओठांची कडा अजून पांढुरकी होती, की तसा नुसता भास होता, ते अनुसयाबाईला कळेना. गाडी सुटली. पोटात गेलेली माती बाहेर काढायचा उपाय कोणत्याच गाडीनं जाऊन मिळणार नव्हता. हे लेकरू नीट येईल की नाही, ते आता देवाला ठाऊक. ती वळून चालू लागली.

मांडवात काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं. सोमेश्वर महाराज गवळणींच्या खोड्या सांगत होते, माणसं हसून हसून लोटपोट होत होती. किती वर्षं वाट पाहून मिळालेलं पूर्ण कीर्तन! ती बसली असती, तर कोणी उठवलं नसतं. ती मांडवाच्या कडेनं बायकांत गेली आणि सत्यशीलेच्या शेजारी वाकली. सत्यशीलेची कोमल पुढं जमिनीवर बसून बोटानं मातीत रेघा ओढत होती, मधूनच बोट तोंडात घालत होती.

"मावशी! तुमी गावाला गेल्या म्हणे?"

"गेले व्हते. ऊठ, तुह्याशी बोलायचं हाय."

"आता? दहीहंडी फुटायची हाय अजून! मंग बोलू ना."

"मंग न्हाई, आताच." अनुसयाबाईचा आवाज महाराजांच्या आवाजाखालून जात होता, पण आजूबाजूच्या दोन-तीन बायका वळल्या. "तुह्या न्हाणीपाशी जाऊ. तुला काय दावायचं ते दावते. तू मला शिव्या दे, मारलं तरी चालल. पण आधी कोमलला वर घे."

वीणा थांबली.

या वेळी ती पुन्हा सुरू झाली नाही. मुंजाजीनं गळ्यातून वीणा काढली, शेजारच्या टाळकऱ्याच्या गळ्यात घातली, तिच्या पाया पडला आणि माणसांतून वाट काढत बायकांच्या बाजूला आला. महाराजांनी बोलता बोलता थांबून त्याच्याकडं पाहिलं. सारा मांडव पाहू लागला.

"अनुसयाबाई, तुमी नगा सांगू," तो म्हणाला. उघड्या मानेवर वीणेच्या दोरीचा वळ उमटला होता. "पुरलं म्या. सांगायला बी मीच पाहिजे."

सत्यशीला एकदा त्याच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहत होती. तिला काही कळलं नव्हतं. पण तिनं हात लांब करून लेकीला मातीवरून उचललं आणि उराशी धरलं.

"खाली ठेवू नको," अनुसयाबाई म्हणाली. "चल."